नॉइझ-पंकची पहिली एलपी: बँडचा गोंगाट कुठला आणि सुईचा कुठला

पहिलीच एलपी नॉइझ-पंकची घ्यायची म्हणजे एक वेगळीच पंचाईत असते. किशोरची नाहीतर भीमसेनजींची रेकॉर्ड लावली आणि सुई नीट बसली नसेल, रेकॉर्ड घासलेली असेल, वायर चुकीच्या जागी खुपसली असेल, तर दोन मिनिटांत कळतं, कारण माणसाचा गाता आवाज कसा असतो हे आपल्या कानाला लहानपणापासून माहिती असतं. पण ज्या रेकॉर्डवर मुळातच बेस फाटलाय, ड्रम्स एकावर एक कोसळतायत आणि गाणारा टेलिफोनच्या माइकमधून ओरडतोय, ती नीट वाजतेय का बिघडून वाजतेय हे नव्या माणसाने ओळखायचं कसं? महिनोन्‌महिने दोन प्रीॲम्प (प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणारी पेटी, खरं तर एकच लागते) एकामागे एक जोडून ऐकणारी आणि "काय कडक डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) आहे राव" म्हणत खूश असणारी मंडळी मी बघितलीत.

म्हणून हा लेख. विकत घेण्यापासून पावसाळ्यात सांभाळण्यापर्यंत सगळं सांगतो, पण सगळीकडे प्रश्न एकच: हा आवाज बँडने केलाय का आपल्या सेटअपने? उदाहरणाला एकच रेकॉर्ड धरतो म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. लाइटनिंग बोल्ट या बँडची 'वंडरफुल रेनबो', २००३ साली लोड रेकॉर्ड्सवर आलेली.

आधी फुकटात ऐका, मग खिशात हात घाला

लाइटनिंग बोल्ट म्हणजे दोनच माणसं, आणि दोघांचंही नाव ब्रायन. ब्रायन गिब्सन बेस वाजवतो, ब्रायन चिपेंडेल ड्रम्स वाजवतो आणि वाजवता वाजवताच ओरडतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स नावाचं शहर आहे, तिथल्या डिझाइन कॉलेजात १९९४ मध्ये बँड सुरू झाला. ओल्नीव्हिल भागात एका जुन्या कापड गिरणीच्या मजल्यावर 'फोर्ट थंडर' नावाचा अड्डा होता, साधारण १९९५ ते २००१, तिथे ही पोरं राहायची, हाताने स्क्रीनप्रिंट पोस्टर छापायची, कॉमिक्स काढायची, शो करायची. पुढे ती इमारत पाडली आणि तिथे दुकानं आली. गिरणीच्या जागी मॉल ही गोष्ट लालबाग-परळच्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

हे सगळं सांगायचं कारण असं की रेकॉर्डवर जे ऐकू येतं ते तिथूनच आलेलं आहे. हे लोक स्टेजवर चढायचेच नाहीत, खाली जमिनीवर ॲम्प्लिफायरची भिंत रचायची, त्याच्यापुढे ड्रम्स मांडायचे आणि पब्लिकने चारी बाजूंनी गराडा घालायचा. गिब्सनचा बेस नेहमीच्या बेससारखा लावलेला नसतो, तो चेलोसारखा पाचव्या स्वरांच्या अंतराने लावतो आणि सगळ्यात वरच्या पट्टीला चक्क बँजोची तार ओढतो, म्हणूनच बेस असूनही मधेच गिटार किंचाळल्यासारखी वाटते. त्याच्यापुढे डिस्टॉर्शनचे आणि सूर वरखाली खेचणारे पेडल. चिपेंडेलचा माइक टेलिफोनच्या रिसिव्हरमधला, तो कापडी मुखवट्यात तोंडापाशी अडकवलेला, त्यामुळे शब्द कळत नाहीत आणि ते कळावेत अशी त्याची अपेक्षाही दिसत नाही.

म्हणजे फाटका बेस, नाकातून आल्यासारखा दबका आरडाओरडा, झांजांचा सलग पत्रा हे सगळं मुद्दाम केलेलं आहे. हे आधी डिजिटलवर ऐकून डोक्यात पक्कं बसवायचं. स्ट्रीमिंगवर ऐका, चांगले हेडफोन लावून, निदान चार-पाच वेळा तरी पूर्ण. पहिल्या वेळी घरचे विचारतील की मिक्सरमध्ये चमचा राहिलाय का, हरकत नाही. सुरुवातीला एकच करा, कान फक्त ड्रम्सवर ठेवा, बेसकडे बघूच नका. दोनतीन वेळा ऐकल्यावर लक्षात येतं की हा धिंगाणा भयंकर तालात आहे, कुठल्या जागेवर दोघं एकत्र वळतात हे आधीच कळायला लागतं, ढोल-ताशा पथकाच्या प्रॅक्टिसला गेलेल्या माणसाला तर जरा लवकरच कळेल. मग 'ड्रॅक्युला माउंटन' लावा, त्याची रिफ, म्हणजे परत परत येणारी छोटी सुरावट, डोक्यात बसली की बाकीच्या अल्बमला दार उघडतं.

आणखी एक गाणं आत्ताच नीट ऐकून ठेवा, टायटल ट्रॅक, म्हणजे अल्बमच्याच नावाचं गाणं. छोटासा आहे आणि बाकीच्यांच्या मानाने बराच शांत. पुढे रेकॉर्ड तपासताना आपलं सगळं काम तिथेच होणार आहे.

इतकं करूनही आवडलं नाही तर नका घेऊ. कव्हर भारी आहे म्हणून घेतलेल्या रेकॉर्ड्स कपाटात पडून राहतात.

कुठली कॉपी घ्यायची

या म्युझिकचं आणि कलेक्टर लोकांचं जुनं साटंलोटं आहे. छोटी लेबलं, थोड्या कॉप्या, हाताने छापलेली कव्हरं, रंगीत तबकड्या. मोठ्या कंपन्यांनी जाहिरातबाजी म्हणून हे नंतर उचललं, पण इथे मुळात पैसेच नसायचे, पाचशे-हजार कॉप्या काढल्या की लेबलचं बजेट संपायचं. नंतर त्याच टंचाईला भाव आला. सिॲटलच्या सब पॉप लेबलने १९८८ मध्ये सिंगल्स क्लब (वर्गणीदारांना सात इंची छोट्या रेकॉर्ड्स पाठवायची योजना) काढला तेव्हा पहिलीच सात इंची निर्वाणाची 'लव्ह बझ' होती, फक्त १००० कॉप्या, हाताने नंबर घातलेल्या, आज ती कलेक्टरांच्या स्वप्नात येते आणि तिच्या बनावट कॉप्याही बाजारात फिरतात.

बनावट ओळखायची कशी, तर रेकॉर्डच्या मधल्या लेबलभोवती जो गुळगुळीत पट्टा असतो, जिथे गाणं संपतं, तिथे बघायचं. त्याला डेड वॅक्स किंवा रनआउट म्हणतात. मूळ साच्यावर कोरलेले नंबर आणि कधीकधी इंजिनिअरने किंवा बँडने खरडलेला एखादा टोमणा तिथे असतो. 'लव्ह बझ'च्या खऱ्या कॉपीवर तिथे "ही गिटारं देऊन फावडी का घेत नाही?" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य कोरलेलं आहे. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की अक्षरं दिसतात. तुम्ही जी कॉपी घेताय तिचा रनआउट नंबर डिस्कॉग्स साइटवरच्या नोंदीशी जुळवा, कुठली छपाई, कितवी आवृत्ती, सगळं तिथे कळतं. विकणारा "ओरिजिनल फर्स्ट प्रेस" म्हणत असेल आणि रनआउटचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर पुढे जा.

आता रंगाचं. स्प्लॅटर, मार्बल, अर्धी गुलाबी अर्धी हिरवी, अंधारात चमकणारी, सगळं मिळतं. एका रंगाची साधी रंगीत तबकडी नीट दाबलेली असेल तर काळीइतकीच चांगली वाजू शकते, पण दोनतीन रंग मिसळलेल्या तबकडीत खरखर यायची शक्यता जास्त, आणि चित्र असलेली पिक्चर डिस्क तर भिंतीवर लावायलाच बरी, तिच्यात कागदावर पातळ थर दाबलेला असतो आणि वाजताना सतत हिस्स येत राहतो. इथे परत आपला मुद्दा: तो हिस्स तुम्ही बँडच्या नावावर खपवून घ्याल. म्हणून पहिली कॉपी साधी काळी घ्या. १८० ग्रॅमची जाड रेकॉर्ड म्हणजे आवाज चांगला हाही एक गोड गैरसमज आहे, वजनाने तबकडी हातात भारदस्त लागते, एवढंच. आवाज ठरतो तो मास्टरिंग (छपाईआधी आवाजावरचा शेवटचा हात) कसं केलं, साचा कसा कापला आणि प्लांटमध्ये किती काळजी घेतली त्यावर.

नवी कॉपी मिळत असेल तर नवीच घ्या. जुन्या लोड रेकॉर्ड्सच्या कॉप्या सेकंडहँडमध्ये शोधाव्या लागतात, आणि पहिल्याच झटक्यात पहिली आवृत्ती पाहिजे हा हट्ट कशाला? घाई असेल तर याच बँडचा २०१५ चा 'फँटसी एम्पायर' किंवा २०१९ चा 'सॉनिक सिटाडेल' बघा, दोन्ही शिकागोच्या थ्रिल जॉकी लेबलचे. 'फँटसी एम्पायर' तर पॉटकेटच्या मशीन्स विथ मॅग्नेट्स स्टुडिओत रेकॉर्ड केलेला आहे आणि आवाज बराच सुटा सुटा येतो, नवशिक्याला तो खरं तर सोपा. माझं मन मात्र 'वंडरफुल रेनबो'वरच आहे, त्यातली घुसमट मला हवी असते.

ग्रेडिंग: विकणाऱ्याची भाषा

सेकंडहँड घेताना कॉपीच्या तब्येतीला ग्रेड दिलेली असते. मिंट म्हणजे कोरी, निअर मिंट म्हणजे जवळपास कोरी, मग व्हीजी प्लस, मग व्हीजी (म्हणजे व्हेरी गुड), मग गुड. आपण फसतो ते इथेच, कारण व्हेरी गुड ऐकून वाटतं की छान असणार आणि येते ती चरे पडलेली, आणि नुसती गुड म्हणजे तर जवळजवळ भंगार. साधारण नियम असा की व्हीजी प्लसच्या खाली उतरायचं नाही.

पण नॉइझ-पंकमध्ये एक गंमत आहे. केसासारखे बारीक चरे, अधूनमधून येणारी टिकटिक, याचा इथे फारसा त्रास होत नाही, कारण बँडच इतका मोठ्याने वाजतोय की सगळं त्यात बुडून जातं. शास्त्रीय गायनाच्या रेकॉर्डवर जी टिकटिक आलापात काट्यासारखी टोचली असती ती इथे ऐकूही येत नाही. त्यामुळे वरवर चरे दिसणारी पण उत्तम वाजणारी कॉपी स्वस्तात उचलायला हा जॉनर सोन्यासारखा आहे. उलट जी गोष्ट दिसत नाही ती घातक: खाचेची झीज. आधीच्या मालकाने बोथट सुईने, जड प्लेअरवर दोनशे वेळा वाजवलेली रेकॉर्ड वरून चकचकीत दिसू शकते, पण खाचेच्या भिंती खरवडल्या गेलेल्या असतात आणि आवाज फाटतो. ते फाटणं टिकटिकीसारखं नसतं, ते डिस्टॉर्शनसारखंच असतं. म्हणजे नेमकं बँडच्या डिस्टॉर्शनमध्ये लपून बसणारं.

म्हणून विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. एक, ग्रेड नुसती बघून दिलीय का वाजवून? दोन, रेकॉर्डचा सगळ्यात शांत भाग कसा वाजतो? 'वंडरफुल रेनबो'चं असेल तर सरळ विचारा, टायटल ट्रॅकला मागे खरखर किती आहे. तिथे बेस स्वच्छ येत असेल तर बाकीची काळजी नको.

घरी आणायची कशी

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर ही रेकॉर्ड शोधू नका, तिथे एचएमव्ही आणि पॉलिडॉरचा हिंदी-मराठी खजिना मिळतो (तिथून एक गोष्ट घ्यायचीच आहे, पुढे येतं). नॉइझ-पंक बहुतेक बाहेरूनच मागवावं लागतं. थेट पार्सल मागवलं तर आंतरराष्ट्रीय पोस्टेज आणि वर कस्टम ड्यूटी, कधीकधी ड्यूटी धरून रेकॉर्ड दुपटीला पडते, म्हणून ऑर्डर करण्याआधी चालू दर बघून हिशेब करा.

दुसरा मार्ग आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, न्यू जर्सीतली मावशी किंवा बे एरियातला चुलतभाऊ. अमेरिकेत देशांतर्गत पोस्टाला मीडिया मेल नावाचा स्वस्त दर आहे आणि त्यात रेकॉर्ड बसतात, तेव्हा त्यांच्या पत्त्यावर मागवायचं आणि डिसेंबरात कुणी येईल त्याच्या बॅगेतून आणायचं. फक्त मावशीला आधी सांगा की रेकॉर्ड चेक-इन बॅगेत चितळ्यांच्या रिकाम्या डब्याखाली घालायची नाही, पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉपच्या कप्प्यात उभी ठेवायची, कव्हर साधारण ३१ सेंटीमीटरचं चौकोनी असतं, बहुतेक सॅकमध्ये मावतं. विकणाऱ्यालाही लिहा की तबकडी कव्हरच्या बाहेर काढून, मागे वेगळी ठेवून पाठवा. नाहीतर प्रवासात तबकडी आतून धक्के देते आणि कव्हरची कड फाटते, मग तुमची निअर मिंट तिथेच संपली.

एप्रिल-मेमध्ये पार्सल आलं तर लगेच ताब्यात घ्या. गाडीच्या मागच्या सीटवर उन्हात ठेवलेली एलपी तासाभरात पापडासारखी होते आणि ती सरळ करायचा घरगुती उपाय करत बसाल तर उरलीसुरलीही जाते.

प्लेअर: इथे कंजुषी नडते

आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा दिसायला सुंदर असतो, तो शोकेसमध्ये ठेवा. चावीच्या ग्रामोफोनवर तर एलपी चुकूनही लावू नका, त्याची लोखंडी सुई शेलॅकच्या ७८ वाल्या रेकॉर्डसाठी असते, एलपीच्या बारीक खाचेची ती एका फेरीत वाट लावते. आणि ऑनलाइन दिसणारे गोंडस सुटकेस प्लेअर, ज्यात आतच स्पीकर असतात, तेही टाळा. त्यांची सुई फार जड बसते, चांगल्या कार्ट्रिजला (सुई जिच्यात बसते ती डबी) २ ग्रॅमच्या आसपास वजन लागतं, यांचं त्याच्या दुप्पट-अडीचपट असतं. शिवाय स्पीकर त्याच डब्यात, म्हणजे बेस वाजला की डबा हलतो, डबा हलला की सुई हलते. लाइटनिंग बोल्टसारखा बेस असेल तर सुई अक्षरशः उड्या मारते.

सुरुवातीला ऑडिओ-टेक्निकाचा एलपी-६० एक्स सारखा साधा ऑटोमॅटिक प्लेअर पुरतो, त्यात वजन कंपनीनेच बसवून दिलेलं असतं. थोडं जास्त बजेट असेल तर एलपी-१२० एक्सच्या वर्गातला घ्या, त्यात वजन, अँटिस्केट (सुई आतल्या बाजूला ओढली जाऊ नये म्हणून असलेली सेटिंग) सगळं हाताने लावता येतं आणि पुढे कार्ट्रिज बदलता येते.

आता तो प्रीॲम्पचा घोळ. रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात, नाहीतर बेसच्या खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला दोनचार गाणीच मावतील. वाजवताना हे उलटं करायला फोनो प्रीॲम्प लागतो. तो एकच पाहिजे. एकही नसेल तर आवाज बारीक, चिरका, बेस गायब, आणि नवशिक्याला वाटतं की पंक म्हणजे असंच कोरडं असतं. दोन झाले, म्हणजे प्लेअरमधलाच प्रीॲम्प चालू, मागचं बटण 'लाइन'वर आणि वायर ॲम्पच्या 'फोनो' खोबणीत, तर सगळं फाटून घुमायला लागतं. प्लेअर 'फोनो'वर तर ॲम्पही 'फोनो'वर, प्लेअर 'लाइन'वर तर ॲम्पला ऑक्स किंवा लाइन. हे कागदावर लिहून प्लेअरच्या मागे चिकटवा.

स्पीकर आणि प्लेअर एका टेबलावर नकोत. बेसची थरथर टेबलातून सुईत जाते, सुईतून परत स्पीकरला, आणि एक खोल घुमारा हळूहळू वाढत जातो. दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डला लगेच लक्षात येतं. इथे लोक डोळे मिटून माना हलवत बसतात. शंका आली तर प्लेअर थांबवा, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर ठेवा, आवाज वाढवा आणि टेबलावर हलकेच टिचकी मारा. टिचकी स्पीकरमधून मोठी घुमून आली तर घुमारा तुमच्या टेबलाचा आहे.

भावगीताची परीक्षा

चोर बाजारातून किंवा घरच्या माळ्यावरून जी घ्यायची म्हटलं ती ही: एखादी बऱ्या स्थितीतली भावगीतांची नाहीतर नाट्यगीतांची एलपी. नॉइझ-पंक लावण्याआधी ती लावायची. सुई नीट बसली नसेल तर सगळ्यात आधी 'स' आणि 'श' फुटतात. 'सांज' म्हटलं की 'स' ऐवजी थुंकी उडाल्यासारखा 'श्छ' आला तर कुठेतरी गडबड आहे, वजन कमी, सुई तिरकी, किंवा सुईवर धूळ. तंबोऱ्याचा सूर डुगडुगत असेल तर स्पीडचा लोचा, नाहीतर रेकॉर्डचं मधलं भोक सरकलेलं. एकाच कानात जास्त फाटत असेल तर अँटिस्केट बघा.

ही एलपी स्वच्छ वाजली की तुमचा सेटअप पास. त्यानंतर 'वंडरफुल रेनबो'वर जे काही फाटेल ते बँडचं किंवा त्या कॉपीचं, प्लेअरचं नाही. ही एक परीक्षा केली तर बाकी अर्धा लेख विसरलात तरी चालेल.

बाकी बसवणं सोपं आहे. सुताराची पाणपातळी ठेवून प्लेअर सपाट करा. सुईचं वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, कार्ट्रिजच्या कागदावर जो आकडा असेल तो लावा, एटी-व्हीएम ९५ ई असेल तर २ ग्रॅम. हलकी सुई म्हणजे रेकॉर्ड वाचते असं काही जण सांगतात, ते उलट आहे, हलकी सुई खाचेत आपटत जाते आणि मोठ्या आवाजाच्या रेकॉर्डवर जास्त नुकसान करते.

लावा एकदाची

नवी कोरी रेकॉर्डही आधी पुसा, प्लांटमधली आणि कागदी स्लीव्हची कुसळं चिकटलेली असतात. कार्बन फायबरचा ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. जुनी मळकट असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ मायक्रोफायबर कापड, मधलं लेबल भिजवू नका. नळाचं पाणी सुकल्यावर क्षार सोडतं, ते नको.

मग स्पीड. नॉइझवाल्या बारा इंची रेकॉर्ड्स कधी ३३ वर वाजतात कधी ४५ वर (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या), आणि लेबलवर आकडा लिहिण्यापेक्षा राक्षसाचं चित्र काढणं बँडला महत्त्वाचं वाटतं. भजनाची रेकॉर्ड चुकीच्या स्पीडला लावली तर लहान पोरंही हसतील, इथे मात्र ३३ ची ४५ वर लावून अख्खी बाजू ऐकली तरी पत्ता लागत नाही. उपाय साधा, पहिल्या गाण्याची वेळ मोबाइलवर लावा आणि डिजिटलशी ताडा. तीन मिनिटांचं गाणं सव्वादोन मिनिटांच्या आतच आटोपलं तर स्पीड चुकलाय.

बाजूच्या शेवटाकडे आवाज जास्त चेपला, झांजा चुरचुरायला लागल्या, तर घाबरू नका, याला फिजिक्स आहे. तबकडी फिरते एकाच वेगाने, पण बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच सरकते आणि आतल्या टोकाला फक्त २० च्या आसपास. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा म्हटल्यावर वरचे सूर चेपणारच. त्यामुळे समजूतदार बँड बाजूच्या शेवटी हळू गाणं ठेवतात. 'वंडरफुल रेनबो' संपतो 'ड्युएल इन द डीप' या लांबलचक, जड, घरघरत्या गाण्यावर, म्हणजे आतल्या खाचांना फार काही नाजूक वाहायचंच नाही. ठरवून केलं का आपोआप झालं कुणास ठाऊक, पण एलपीवर ते गाणं शोभतं.

आणि रेकॉर्ड एकाच जागी अडकून तोच तुकडा परत परत वाजवत असेल तर लगेच सुई उचलू नका, आधी बघा की ती लॉक्ड ग्रूव्ह तर नाही. म्हणजे शेवटची खाच मुद्दाम गोल बंद केलेली, ३३ वर तिची एक फेरी १.८ सेकंदांची, तुम्ही उठेपर्यंत चालूच. अमेरिकन रॉक गायक लू रीडच्या १९७५ च्या 'मेटल मशीन म्युझिक'ची चौथी बाजू अशीच कधी संपत नाही. आरआरआरेकॉर्ड्स या लेबलने तर १९९३ मध्ये एका सात इंचीवर अशा १०० बंद खाचा काढल्या, दुसरं काहीच नाही. सुई लेबलजवळ असेल आणि तुकडा न धडपडता गोल फिरत असेल तर ती बँडची खोडी. मधल्याच गाण्यात 'टक्' होऊन मागे जात असेल तर तो चरा.

आवाजाचं एकच सांगतो: ही रेकॉर्ड मुळातच दाबून भरलेली आहे, ती हळू लावली तरी मोठी वाटते. ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, हे अमेरिकन कामगार-आरोग्यवाल्यांचं गणित घरीही लागू आहे. शोला गेलात तर इअरप्लग. लाजायचं काही नाही, समोरच्या रांगेतले जुने लोक सगळे घालतात.

पावसाळा

कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर रेकॉर्डचा खरा शत्रू बुरशी. कव्हरच्या आत, कागदी स्लीव्हवर आधी येते, मग तबकडीवर पांढरट ठिपके. आणि हे ठिपके वाजतात कसे माहितीय? बारीक सलग चुरचुर, म्हणजे परत तेच, गोंगाटात मिसळून जाणारं. कागदी आतली स्लीव्ह काढून अँटिस्टॅटिक प्लास्टिकची घाला, बाहेरून पॉलिप्रॉपिलीनचं कव्हर चढवा, जाड वास येणारं पीव्हीसीचं नको, ते वर्षानुवर्षं चिकटून राहिलं तर तबकडीवर धुकट डाग सोडतं. रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, आडव्या गठ्ठ्यात नाही, आणि पावसाचा मार खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवायचं नाही. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात तर त्या अधूनमधून बदला. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पावसाळ्यात जास्त वाजवा, बाहेर काढली की हवा लागते.

पुढची कुठली

पहिली पचली की याच बँडची २००५ ची 'हायपरमॅजिक माउंटन'. प्रॉव्हिडन्सचाच अरब ऑन रडार, जास्त तिरकस, जास्त किरकिरा. मग जपानच्या मेल्ट-बनाना, तिथे आवाज चिमणीसारखा आणि वेग रेल्वेसारखा. मागे जायचं असेल तर १९७८ चं 'नो न्यू यॉर्क' संकलन, चार बँड, ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकाराने प्रोड्यूस केलेलं, या सगळ्याची बरीच मुळं तिथे सापडतात. गेम खेळणारे असाल तर आणखी एक: २०१६ चा 'थंपर' हा गेम बनवणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे हाच बेसवाला गिब्सन, आणि त्याआधी तो गिटार हीरोवाल्या हार्मोनिक्समध्ये चित्रांचं काम करायचा. चिपेंडेलचे ड्रम्स आइसलँडची गायिका ब्यर्कच्या २००७ च्या 'वोल्टा'वर आहेत, ती एलपी घरच्यांसमोरही लावता येते.

'मेटल मशीन म्युझिक' मात्र इतक्यात घेऊ नका. चार बाजू नुसता फीडबॅक (गिटार ॲम्पसमोर धरल्यावर होणारी किंचाळी), ड्रम्स नाहीत, शब्द नाहीत, आणि त्यात सुई बिघडली तर भावगीताची एलपी परत काढल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही.